लूर्दचा झरा : चमत्कार कशासाठी असतो?

दरवर्षी सप्टेंबर महिन्यात मुंबईला वांद्र्याच्या टेकडीवर मोतमाउलीची जत्रा भरते. चर्चकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्यांची दुकाने लागतात. त्या दुकानांत नुसत्या मेणबत्त्या नसतात. मेणाचे हात असतात, पाय असतात, तान्ही बाळे असतात, छोटी छोटी घरे असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय घेतो, जिची कूस उजवत नाही ती मेणाचे बाळ घेते, आणि ते मरियामातेपुढे नेऊन वाहतात. रांगेत ख्रिस्ती असतात तितकेच हिंदूही असतात, पारशी आणि मुसलमानही दिसतात. देवीला चांदीचे डोळे वाहणाऱ्या, खंडोबाला नवस बोलणाऱ्या आपल्या माणसाला यात काही परके वाटत नाही. देवाला काही द्यावे, देवाकडून काही घ्यावे, हा व्यवहार आपल्या ओळखीचाच आहे.

पण ख्रिस्ती चर्च स्वतः या गोष्टीकडे असे पाहते काय? आजारी माणूस प्रार्थनेने बरा झाला, तर त्याचा अर्थ चर्च काय लावते? आणि बरा झाला नाही, तर? हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, कारण बरे न होणारेच नेहमी जास्त असतात. ज्या घरात वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्या घराला हा प्रश्न कोणत्याही धर्माचा असला तरी चुकत नाही. म्हणून या लेखात ख्रिस्ती जगातल्या सर्वांत प्रसिद्ध आरोग्यस्थानाची, फ्रान्समधल्या लूर्द गावाची हकीगत सांगायची आहे. तिथे दीडशेहून अधिक वर्षे चमत्कारांची अक्षरशः वहीखात्यात नोंद ठेवली जात आहे.

चिखलातून निघालेला झरा

फ्रान्सच्या दक्षिणेला, स्पेनच्या सरहद्दीजवळ पिरेनीज नावाचे डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याशी, नदीकाठी लूर्द हे गाव. १८५८ साली ते एक साधे बाजाराचे गाव होते. तिथे फ्रान्स्वा सुबिरू नावाचा एक गिरणीवाला राहत असे. पाण्यावर चालणारी त्याची पिठाची गिरणी हातची गेली, कर्ज झाले, आणि बायकामुलांसह तो एका पडीक तुरुंगाच्या एकाच खोलीत येऊन राहिला. ओल इतकी की सरकारने ती जागा कैद्यांसाठीसुद्धा नालायक ठरवून सोडून दिलेली. त्याची थोरली मुलगी बर्नादेत तेव्हा चौदा वर्षांची होती. लहानपणी पटकीच्या साथीत सापडून वाचलेली, पण दम्याने कायमची गांजलेली. शेजारच्या गावी एका बाईकडे राहून ती मेंढ्या वळत असे. लिहिता-वाचता येत नव्हते.

११ फेब्रुवारी १८५८ रोजी बर्नादेत, तिची बहीण आणि एक मैत्रीण सरपण गोळा करायला नदीकाठी गेल्या. तिथे खडकात एक कपार होती. गावचा डुकरे राखणारा आपला कळप पावसापाण्यात तिथे आणून उभा करीत असे. म्हणजे जागा काही देवाधर्माची नव्हे. त्या कपारीत आपल्याला पांढऱ्या वस्त्रातली एक स्त्री दिसली, असे बर्नादेतने सांगितले. जुलैच्या मध्यापर्यंत अशी अठरा दर्शने झाली असे ती म्हणे. पोलीस अधिकाऱ्याने तिला दरडावून विचारले, गावचे धर्मगुरू तिच्यावर रागावले, सरकारने मध्यंतरी कपारीपुढे फळ्यांचे कुंपणही घातले. मुलीने आपले म्हणणे बदलले नाही.

२५ फेब्रुवारीला तिने गुडघ्यांवर बसून कपारीतली ओली माती हातांनी उकरली, तिथले गढूळ पाणी प्यायली आणि तोंडाला चिखल फासला. जमलेले लोक हसले, पोरगी वेडी झाली म्हणाले. पण उकरलेल्या जागी पाणी वाढत गेले आणि दुसऱ्या दिवशी तिथे निवळ झरा वाहू लागला. विहिरीसाठी जमीन पाहणारा आपला शेतकरी म्हणेल की खडकाच्या पायथ्याशी ओल दिसली तर पाणी असणारच. खरे आहे. चर्चनेही झरा निघणे हाच चमत्कार असे कधी ठासून सांगितलेले नाही.

आता पहिल्या बऱ्या झालेल्या बाईची गोष्ट ऐका, कारण ती आपल्यासारख्याच घरातली आहे. कातरीन लातापी ही जवळच्या लुबाजाक खेड्यातली शेतकरीण. डुकरांना चारा म्हणून ओकच्या झाडाची फळे झोडपायला ती १८५६ साली झाडावर चढली आणि खाली पडली. उजवा हात दुखावला. हात बसवला गेला, पण त्या हाताची दोन बोटे आखडून गेली ती गेलीच. चूल, सूतकताई, विणकाम, सगळे अडले. १ मार्च १८५८ रोजी पहाटे, नऊ महिने भरलेले असताना, लहान मुलांना बरोबर घेऊन ती चालत लूर्दला आली. झऱ्याच्या पाण्यात हात बुडवला आणि आखडलेली बोटे मोकळी झाली. तिथेच कळा सुरू झाल्या. ती तशीच चालत घरी गेली आणि तिला मुलगा झाला. तो मुलगा पुढे धर्मगुरू झाला. चर्चने मान्य केलेल्या लूर्दच्या बऱ्या होण्याच्या यादीत कातरीनचे नाव पहिले आहे.

पाणी साधेच निघाले

आपल्याकडे एखाद्या विहिरीच्या पाण्याने खरूज जाते अशी वदंता उठली की आठ दिवसांत तिथे बाटल्या विकायला लोक बसतात. लूर्दलाही तसेच झाले असते. काही मंडळींना वाटले की पाण्यात गंधक किंवा काही औषधी क्षार असेल. तर मग गावाला औषधी स्नानाचे मोठे ठिकाण करता येईल. त्या डोंगरात अशी ठिकाणे आहेतही. म्हणून १८५८ सालीच तुलूझ शहरातल्या एका प्राध्यापकाकडून पाण्याची तपासणी करून घेतली. निष्कर्ष असा आला की हे पिण्याचे साधे चांगले पाणी आहे, औषधी गुण असे त्यात काही नाही.

चर्चला हा निष्कर्ष अडचणीचा वाटला नाही, उलट सोयीचा वाटला. पाण्यात औषध नाही म्हटल्यावर पाण्याची जादू नाही हेही ओघानेच आले. आजही तिथे पाणी नळांना येते आणि कोणीही फुकट भरून घ्यावे असे आहे. बाजारातले दुकानदार रिकाम्या बाटल्या विकतात, पाण्याचे पैसे कोणी घेत नाही.

हा पैशाचा मुद्दा लहान नाही. येशूने शिष्यांना आजाऱ्यांकडे पाठवले तेव्हा, तुम्हाला फुकट मिळाले आहे ते फुकटच द्या, अशा अर्थाची आज्ञा दिली होती. शिमोन नावाचा एक जादूगार, हात ठेवून पवित्र आत्मा देण्याचे सामर्थ्य विकत मिळेल काय म्हणून पैसे घेऊन प्रेषितांकडे आला, तेव्हा पेत्राने त्याला चांगलेच खडसावले. ज्या मंडपात बरे करण्यासाठी पावती फाडावी लागते, त्या मंडपाची परीक्षा ख्रिस्ती माणसाला स्वतःच्याच धर्मग्रंथावरून करता येण्याजोगी आहे.

वैद्यांची कचेरी

लूर्दला लोक येऊ लागले, बरे झालो म्हणून सांगू लागले. कोणी खरे सांगत, कोणी भारावून जाऊन, कोणी आपले उगीच. १८६२ साली तिथल्या बिशपने चौकशी करून सात जणांचे बरे होणे देवाची कृती म्हणून मान्य केले. पुढे गर्दी इतकी वाढली की १८८३ साली तिथे डॉक्टरांची एक कायमची कचेरी उघडली. ती अजून चालू आहे.

तिचा रिवाज असा. बरा झालो म्हणणाऱ्याने येऊन नोंद करायची. त्या वेळी गावात असलेला कोणताही डॉक्टर, मग तो कोणत्याही धर्माचा असो वा धर्म न मानणारा असो, त्या माणसाला तपासू शकतो. रोग्याने आपल्या गावच्या डॉक्टरांचे आधीचे कागद आणायचे. कागद नसतील तर प्रकरण तिथेच थांबते. असतील तर पुढे कित्येक वर्षे पुन्हा पुन्हा तपासणी होते, मग निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांच्या समितीपुढे ते जाते. डॉक्टर मंडळी चमत्कार झाला असे म्हणतच नाहीत. आजच्या वैद्यकाला याचे कारण सांगता येत नाही, एवढेच ते लिहून देतात. चमत्कार म्हणायचे की नाही हे त्या रोग्याच्या प्रांताचा बिशप ठरवतो, आणि पुष्कळदा तो ठरवत नाही.

कसोट्या जुन्या आहेत. अठराव्या शतकात लांबेर्तिनी नावाच्या धर्मपंडिताने त्या लिहून काढल्या; हाच पुढे चौदावा बेनेडिक्ट या नावाने पोप झाला. आजार गंभीर असला पाहिजे. तो आपोआप उताराला लागलेला नसावा. औषध दिलेलेच नसावे, किंवा दिले असल्यास त्याचा गुण आलेला नसावा. बरे होणे एकदम झालेले असावे, पुरते झालेले असावे, आणि टिकलेले असावे. आपल्या तालुक्याच्या बाजारात बैल घेताना दात, खूर, चाल, खांदा पाहणारा माणूस जितका चिकित्सक असतो, तितकीच ही पारख आहे.

आता आकडे पाहा. या कचेरीकडे आजवर सात हजारांहून अधिक बऱ्या होण्याच्या नोंदी आहेत. त्यांतल्या चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या २०१८ सालापर्यंत फक्त ७०. त्यानंतर २०२४ आणि २०२५ साली आणखी दोन. शंभरात साधारण एक! आणि नोंद करायला येतच नाहीत, बरेही होत नाहीत, असे लाखो यात्रेकरू दरवर्षी येऊन जातात ते वेगळेच.

सत्तरावी बाई ही एक फ्रेंच सिस्टर, स्वतः परिचारिका होती. पाठीच्या कण्याच्या खालच्या मज्जातंतूंच्या विकाराने तिचा पाय वाकडा झाला होता, वेदनांसाठी मॉर्फिन घ्यावे लागे. २००८ साली ती लूर्दहून परतली आणि काही दिवसांनी तिने पट्टे, औषधे सगळे सोडून दिले. चर्चने मान्यता दिली २०१८ साली. दहा वर्षे लागली.

त्याहून मजेची हकीगत २०२४ साली मान्य झालेल्या माणसाची आहे. जॉन ट्रेनर हा इंग्लंडातल्या लिव्हरपूलचा. पहिल्या महायुद्धात १९१५ साली त्याला गोळ्या लागल्या. उजवा हात लुळा पडला, फिट येऊ लागल्या, पायांत बळ राहिले नाही. १९२३ साली लोक नको नको म्हणत असताना तो यात्रेकरूंबरोबर लूर्दला गेला आणि बरा होऊन आला. पुढे त्याने कोळशाचा धंदा केला, कोळशाची पोती उचलली. पण सरकारने त्याला कायमचा अपंग ठरवून पेन्शन बांधून दिलेले. बरा झालो म्हणून त्याने कळवले तरी कचेरीने ऐकले नाही, कारण नियमाप्रमाणे असा माणूस बरा होऊच शकत नव्हता. मरेपर्यंत त्याला ते पेन्शन मिळत राहिले. आणि चर्चने मान्यता दिली ती १०१ वर्षांनी. सरकारी कारभाराला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. अलेक्सी कारेल हा फ्रेंच डॉक्टर. पुढे १९१२ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९०२ साली तो रोग्यांच्या गाडीबरोबर लूर्दला गेला होता. पोटाच्या क्षयाने मरायला टेकलेली समजली जाणारी एक मुलगी आपल्या डोळ्यांदेखत सुधारताना त्याने पाहिली आणि तसे सांगितले. एवढा मोठा साक्षीदार मिळाल्यावर दुसऱ्या कोणी डंका पिटला असता. पण आधीचे निदान पुरेसे पक्के नव्हते म्हणून ती मुलगी मान्य चमत्कारांच्या यादीत आजही नाही.

चिन्ह म्हणजे काय

एवढी कडक पारख करायची ती कशासाठी? रोग गेला, माणूस सुखी झाला, पुरे की! इथेच चर्चचा मूळ विचार पाहावा लागतो.

योहानाने लिहिलेल्या शुभवर्तमानात येशूच्या या कृत्यांना ‘चिन्हे’ असा शब्द वापरला आहे. चिन्ह म्हणजे खूण. रस्त्याच्या फाट्यावर गावाचे नाव लिहिलेला दगड असतो. तो गावाकडे बोट दाखवतो, तो स्वतः गाव नसतो. दगडालाच मिठी मारून बसला तर माणूस घरी कधी पोचणार? येशूने आंधळ्याला दृष्टी दिली, पांगळ्याला चालवले, ते देवाचे राज्य कसे असेल याची खूण म्हणून, असे चर्च शिकवते. ज्यांना त्याने बरे केले ते सगळे पुढे केव्हातरी म्हातारे होऊन मेलेच. म्हणजे मरण टाळणे हा त्या कृत्यांचा उद्देश असूच शकत नाही.

शिवाय लोकांनी चमत्कार दाखव म्हणून आग्रह धरला की येशूने प्रत्येक वेळी नकार दिलेला आहे. देवळाच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, हा सल्ला त्याला सैतानाने दिला असे बायबल म्हणते. कित्येकांना बरे केल्यावर, कुणाला सांगू नका, अशी ताकीद त्याने दिली. कुष्ठरोग्यांना त्याने याजकाकडे जाऊन अंग दाखवून या म्हणून पाठवले. त्या काळी यहुदी लोकांत कुष्ठ गेल्याचा दाखला देण्याचे काम याजकाचे होते. लूर्दच्या कचेरीचे मूळ तिथपर्यंत नेता येईल! एकदा असे दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला परत आला तो एकटाच, तोही यहुद्यांनी वाळीत टाकलेल्या शोमरोनी जमातीतला. गोष्टीचा सारा भर त्या परत आलेल्यावर आहे. अंग दहांचेही बरे झाले होते.

या बाबतीत ख्रिस्ती लोकांत एकमत आहे असे मात्र नव्हे. प्रोटेस्टंट पंथांपैकी बरेच जण मानतात की चमत्कार प्रेषितांच्या काळापुरते होते. शुभवर्तमानाची साक्ष पटवण्याचे काम झाले आणि ते थांबले. उलट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाढलेले पेंटेकोस्टल पंथ म्हणतात की बरे करण्याचे दान आजही प्रत्येक मंडळीत आहे. हा वाद जुनाच आहे. पाचव्या शतकातला संत ऑगस्टीन, उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो गावचा बिशप, तरुणपणी पहिल्या मताचा होता. म्हातारपणी त्याने आपल्याच गावात बऱ्या झालेल्यांच्या हकिगती लिहून घ्यायला आणि चर्चमध्ये सर्वांपुढे वाचून दाखवायला सुरुवात केली. दोन वर्षांच्या आत जवळजवळ सत्तर नोंदी झाल्या असे तो लिहितो. त्यालाही प्रश्न पडला होता तो हाच, की गोष्ट चार शेजाऱ्यांत कुजबुजत राहिली तर तिची खूण म्हणून किंमत काय?

जे बरे झाले नाहीत

आता मूळ दुखण्याकडे येऊ. प्रार्थना करूनही आजार गेला नाही की घरात, वस्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते. विश्वास कमी पडला. म्हणजे आधीच खाटेवर पडलेल्या माणसाच्या उरावर आणखी एक धोंडा. रोगही त्याचा आणि गुन्हाही त्याचाच. आपल्याकडे पूर्वजन्मीचे पाप म्हणतात, तिकडे विश्वासाची उणीव म्हणतात. झोप दोन्हीकडे रोग्याचीच उडते. माझ्या मते बरे करण्याच्या नावाखाली होणाऱ्या प्रकारांत हा सर्वांत निष्ठुर आहे.

बायबलमध्ये याला आधार सापडत नाही. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी येशूला विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? कोणाचेही नाही, असे त्याने सांगितले, आणि मातीचा चिखल करून त्याच्या डोळ्यांना लावला. संत पौल हा केवढा मोठा प्रेषित! त्याच्या स्वतःच्या शरीरात काहीतरी काटा रुतल्यासारखे दुखणे होते. ते जावे म्हणून त्याने तीनदा विनवणी केली आणि ते गेले नाही. आपला सोबती त्रफिम याला त्याला आजारी स्थितीतच मिलेत गावी मागे ठेवून पुढे जावे लागले. तीमथ्याचे पोट वरचेवर बिघडे, तर त्याला पौलाने प्रार्थना वाढव असे कळवले नाही. नुसते पाणी पिऊ नकोस, थोडा द्राक्षारस घेत जा, असे घरगुती औषध कळवले. आणि पौलाचा जिवलग लूक हा तर धंद्याने वैद्य होता.

लूर्दमध्ये तर हे उत्तर झऱ्याच्या तोंडाशीच आहे. ज्या मुलीच्या हाताने तो झरा निघाला तिचा दमा काही त्या पाण्याने गेला नाही. १८६६ साली ती नेव्हेर गावच्या मठात सिस्टर झाली आणि पुन्हा लूर्दला आली नाही. मठात तिने आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याचे काम केले, आणि पुढे स्वतःच आजारी म्हणून तिथे पडून राहिली. गुडघ्याच्या हाडाला क्षय झाला. १६ एप्रिल १८७९ रोजी ती वारली तेव्हा पस्तीस वर्षांची होती. चर्चने तिला १९३३ साली संतपद दिले. बर्नादेतचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याची छाती कोणाची आहे?

औषध आणि प्रार्थना

चमत्कार ही खूण असेल तर त्या खुणेचे पुढे करायचे काय, याचे उत्तर ख्रिस्ती लोकांनी बऱ्याच ठिकाणी दवाखाने बांधून दिले. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण मिरजेचे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वॉन्लेस १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ साली त्यांनी मिरजेला रुग्णालय उघडले. धर्मप्रचारासाठी आलेला माणूस, पण लोकांच्या तोंडी नाव राहिले ते शस्त्रक्रियेमुळे. मोतीबिंदू, मुतखडा, गाठी घेऊन कर्नाटकापासून सोलापूरपर्यंतची माणसे गाडीने मिरजेला उतरत. मिरज आज डॉक्टरांचे गाव म्हणून ओळखली जाते, त्याची सुरुवात तिथे आहे.

दुसरे उदाहरण तमिळनाडूतल्या वेल्लोरचे. डॉ. पॉल ब्रँड हे मिशनरी आईबापांच्या पोटी तमिळनाडूच्या डोंगरात १९१४ साली जन्मलेले शल्यविशारद. १९४६ साली ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे झडतात ती रोगाने सडून, अशी तेव्हाची समजूत. ब्रँडनी वर्षानुवर्षे पाहून दाखवून दिले की रोग मज्जातंतू मारतो, त्यामुळे दुखणेच कळेनासे होते. मग माणूस तापलेली कढई हाताने धरतो, पायात काच शिरली तरी चालत राहतो, आणि जखमांनी बोटे जातात. काहींची बोटे रातोरात कमी कशी होतात याचा पत्ता लागेना. तेव्हा रात्री पहारा ठेवला, तर झोपलेल्या रोग्याची बोटे उंदीर कुरतडत असल्याचे दिसले. उपाय म्हणून रोग्यांना मांजरे दिली! आखडलेल्या हातांवर शस्त्रक्रिया करून, चांगला स्नायू दुसरीकडे जोडून, त्यांनी कित्येकांची बोटे पुन्हा उघडमीट करती केली. कातरीनची बोटे झऱ्यात मोकळी झाली, यांची टेबलावर. चर्च या दोहोंना एकमेकांविरुद्ध मानत नाही.

(जाता जाता: अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो. चट्टा दुखत नाही म्हणून थांबू नये; न दुखणे हेच त्याचे लक्षण आहे.)

तंटे अर्थातच होतात. मदर तेरेसा यांना २००३ साली धन्यपद मिळाले ते पश्चिम बंगालमधल्या एका आदिवासी बाईच्या बऱ्या होण्यावरून. १९९८ साली पोटातली गाठ मदरच्या प्रार्थनेने गेली, असे ती बाई आणि तिथल्या सिस्टर म्हणाल्या. चर्चने चौकशी करून ते मान्य केले. तिच्यावर उपचार करणाऱ्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र, ती आमच्या औषधांनी बरी झाली, असे उघड सांगितले. दोन्ही बाजू आपापल्या म्हणण्यावर राहिल्या. संतपदासाठी लागणाऱ्या चमत्काराचा उद्देश रोग्याचे भले एवढाच नसतो. मेलेली व्यक्ती देवापाशी आहे याची ती खूण मानतात. म्हणूनच इथे पारख अधिक कडक हवी, आणि जिथे औषध चालू होते तिथे शंका राहणारच, असे मला वाटते.

शंका न ठेवण्याजोगी एक गोष्ट मात्र आहे. साप चावल्यावर भगताकडे की पाद्र्याकडे हा प्रश्नच नाही; १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यायचे. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरी उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरवला आहे. गोळ्या चालू असलेल्या मिरगीच्या, साखरेच्या, क्षयाच्या रोग्याला, आता विश्वास ठेव आणि गोळ्या टाक, असे कोणी सांगत असेल, तर तो लूर्दच्याही नियमात बसत नाही. तिकडे रोग्यांच्या गाड्या जातात त्यांत डॉक्टर असतात, परिचारिका असतात, औषधांच्या पेट्या असतात.

त्या गाड्यांचे वर्णन वाचण्यासारखे असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोणी चार दिवसांसाठी सगळे सोडून उचलून नेते, न्हाऊ घालते, भरवते. आणि हे करणारे पगारी नोकर नसून स्वखर्चाने आलेली साधी माणसे असतात. शेतकरी, शिक्षक, कॉलेजातली पोरे. मिरवणुकीत आजाऱ्यांना मानाची जागा असते. घरी ज्यांना भिंतीकडच्या खाटेवर ठेवलेले असते, ते तिथे सर्वांच्या पुढे असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी गाडी परत निघते. बहुतेक सगळे आले तसेच, स्ट्रेचरवरून किंवा चाकांच्या खुर्चीतून डब्यात चढवले जातात. पुढच्या वर्षी पुन्हा येणारेही त्यांत पुष्कळ असतात.